भाच्याच्या गाडीचा टर्बो : कामाची नोंदवही

रबाळ्याच्या एका कारखान्यात 31 वर्षं मेंटेनन्सला होतो. पंप, ब्लोअर, कॉम्प्रेसर. शिफ्ट संपली की आधी लॉगबुक भरायचं, मग डबा उचलायचा. निवृत्त झालो तरी हाताची सवय सुटली नाही. भाच्याच्या गाडीचं प्रकरण अंगावर आलं त्या रात्रीच दोनशे पानी वही काढली.

गाडी 1.5 लिटर डिझेल, बीएस-6, 26 मार्च 2022 ला घेतलेली. वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर, जे आधी येईल ते. कंपनीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम कुठेही लिहिलेलं नाही.

3 नोव्हेंबर 2024, रविवार

भाऊबीज. कासारवडवलीला ताईकडे ओवाळणं, जेवण होऊन निघायला साडेनऊ झाले. भाचा नौपाड्याला सोडायला आला. दिवाळीमुळे घोडबंदर रोड मोकळा होता, हेच नवल. मानपाड्याच्या पुलावर चढताना सायरनसारखा बारीक आवाज आला आणि गाडीने मान टाकली. पॅडल तळाला टेकवलं तरी काटा 2,000 च्या पुढे सरकेना. चेक इंजिनचा दिवा लागला. एक रिक्षावाला हॉर्न मारत शेजारी आला, "ओ दादा, मागे बघा जरा!" मागे निळसर पांढरा धूर, पूल दिसेना इतका.

"मामा, पाच-सहा किलोमीटरच राहिलेत. हळूहळू नेतो."

"आधी इंजिन बंद कर."

एवढी घाई का केली ते लिहून ठेवतो. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. त्याची सील गेली की इंजिनातलं तेल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरतं. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही, दाबाच्या उष्णतेवर ते तेलसुद्धा जाळतं. मग इंजिन स्वतःचंच तेल पीत सुसाट सुटतं, किल्ली फिरवली तरी थांबत नाही. कारखान्यात एका जनरेटरला असं झालेलं पाहिलं आहे. हवेच्या तोंडावर फळी दाबून तो बंद करावा लागला होता.

मीटर 58,212. डिपस्टिकवर तेल खालच्या खुणेच्याही खाली. दोन्हींचे फोटो काढले. टोइंगची गाडी पावणेबाराला आली. वाट बघता बघता भाचा म्हणाला, "शिट्टी तर गणपतीपासूनच येत होती. चिपळूणहून परत येताना पहिल्यांदा ऐकली. म्हटलं टर्बो आहे, वाजणारच."

सणाचा दिवस. मी काही बोललो नाही.

8 नोव्हेंबर, शुक्रवार

वर्कशॉपची दिवाळी संपली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरचा फोन : टर्बो गेला, असेंब्ली बदलावी लागेल. कशामुळे गेला? असेंब्ली बदलावी लागेल. शाफ्टला प्ले आहे का, म्हणजे दांडा ढिला झालाय का, पंखा घासलाय का, तेल कुठून आलं? सर, असेंब्ली बदलावी लागेल.

एस्टिमेट 1,16,400 रुपये. त्यात टर्बो 84,600, मजुरी 17,300, बाकी पाइप, गॅस्केट, तेल, फिल्टर. वॉरंटीचा क्लेम टाकलाय म्हणाला, "पण हिस्टरी बघावी लागेल."

स्कॅनरचा कोड मागून घेतला : पी 0299. टर्बोने बनवायचा तेवढा दाब बनत नाही, असा त्याचा अर्थ. फाटलेल्या होजने किंवा सैल क्लँपनेही हाच कोड येतो. ताप किती ते कळलं, कशाचा ते नाही.

11 नोव्हेंबर, सोमवार

क्लेम नामंजूर. मेलमध्ये तीन कारणं : 40,000 ची सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्ये केलेली नाही, 50,000 ची सर्व्हिस 1,800 किलोमीटर उशिरा झाली, आणि "ऑइल स्टार्व्हेशन ड्यू टु इम्प्रॉपर मेंटेनन्स", म्हणजे तुम्ही गाडी नीट ठेवली नाहीत म्हणून टर्बोला तेल मिळालं नाही.

भाच्याचा चेहरा पडला. मला मात्र तिसरं कारण वाचून बरं वाटलं. टर्बोला तेल मिळालं नाही, हे त्यांनीच लिहून दिलं. आता का मिळालं नाही एवढंच शोधायचं.

भाच्याला चहाच्या कपावर चमचा आडवा ठेवून समजावलं. एका दांड्याच्या एका टोकाला टर्बाइनचा पंखा, दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचा. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर टर्बाइन फिरवतो, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर इंजिनात हवा कोंबतो. धूर डिझेलमध्ये 700-800 अंशांपर्यंत जातो. लहान गाडीचा टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला तीन हजारांवर. एवढ्या वेगात बॉल बेअरिंग फार कमी ठिकाणी वापरतात. बहुतेक टर्बोंत दांडा पितळी बुशांत, म्हणजे गोल कड्यांत, तेलाच्या केसापेक्षा पातळ थरावर तरंगत असतो. आतल्या बाजूला तेल, बाहेरच्या बाजूला तेल, मधे बुश. तो थर काही सेकंद तुटला तरी धातूला धातू लागतो. मग दांडा डुगडुगतो, पंख्याची पाती घरावर घासतात, सील जाते.

"मग तेल कमी होतं म्हणूनच ना?"

"तेल कमी नंतर झालं असेल. धूर कशाचा होता?"

12 नोव्हेंबर, मंगळवार

कार्तिकी एकादशी. खिचडी खाऊन दहा वाजता फोनला बसलो.

मी : जुना टर्बो, त्याचे पाइप, बोल्ट आम्हाला बघायचे आहेत.
अ‍ॅडव्हायजर : काका, पार्ट कंपनीला पाठवावा लागतो. पॉलिसी आहे.
मी : वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीचा. पण तुम्ही क्लेम नाकारलात. मग पार्ट कोणाचा?

बराच वेळ शांतता. सुपरवायझरला विचारून सांगतो म्हणाला. लगेच मेल टाकला : नाकारलेल्या क्लेमचा प्रत्येक सुटा भाग गाडीमालकाचा आहे, तो धुऊ नये, साफ करू नये, भंगारात टाकू नये. "धुऊ नये" मुद्दाम लिहिलं. वर्कशॉपमधला एखादा उत्साही पोरगा भाग डिझेलमध्ये बुचकळून चकचकीत करून देतो आणि पुरावा गटारात जातो.

14 नोव्हेंबर, गुरुवार

भाच्याची सगळी बिलं जमिनीवर पसरून तारीखवार लावली. यात आपली बाजू कुठे लंगडी आहे तेही लिहितो.

10, 20, 30 हजार : शोरूम, वेळेवर. 40,000 : वागळे इस्टेटमधलं ओळखीचं गॅरेज. बिलावर "ऑइल 5 ली., फिल्टर" एवढंच. कुठलं तेल, कुठला ग्रेड, काही नाही. हे आपलं सगळ्यात कच्चं पान. 50,000 ची सर्व्हिस 51,800 ला, शोरूममध्येच. उशीर झाला, नाकारता येत नाही. त्यात मॅन्युअलच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात लिहिलंय की सतत थांबत-चालत ट्रॅफिकमध्ये गाडी फिरत असेल तर तेल निम्म्या अंतरावर बदला. रोज कासारवडवली ते महापे करणाऱ्याला दुसरं ट्रॅफिक ठाऊकच नाही. पण शोरूमवाले स्वतः काचेवर स्टिकर लावताना पुढची सर्व्हिस 10,000 नंतरच लिहितात. तो स्टिकर अजून काचेवर आहे. फोटो काढायला सांगितला.

एक गोष्ट आपल्या बाजूची : गाडी बंद पडली तेव्हा इंजिनात जे तेल होतं ते 51,800 ला शोरूमनेच भरलेलं. वय 6,412 किलोमीटर.

बाहेरच्या सर्व्हिसबद्दल एक जुना निर्णय आहे. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या प्रकरणात 14 कार कंपन्यांना दंड केला, एकूण 2,544.65 कोटी. पुढे अपिलं झाली, तो भाग वेगळा. पण त्या आदेशात असंही होतं की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी. म्हणजे वागळे इस्टेटच्या सर्व्हिसने टर्बो मारला, हे त्यांनी दाखवायला हवं.

शेवटचा कागद बिलांच्या ढिगात नव्हता, गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडला. जॉब कार्ड, 22 ऑगस्ट 2024, 54,600 किलोमीटर. "टर्बो ऑइल पाइप सीपेज – रेक्टिफाइड." म्हणजे टर्बोच्या तेलाच्या पाइपचा पाझर बंद केला. खाली वापरलेलं सामान, रक्कम शून्य, वॉरंटीत : "सीलंट 1 नग."

सीलंट म्हणजे सांध्याला लावायची, वाळली की रबरासारखी होणारी पेस्ट. सांधा उघडला की वॉशर नवा लागतो. वॉशरची ओळ नाही.

"हे काय होतं?" भाच्याला विचारलं. "तेलाचा डाग दिसायचा पार्किंगमध्ये. त्यांनी एका तासात करून दिलं." 22 ऑगस्टला काम, 7 सप्टेंबरला गणपती. चहा गार झाला.

16 नोव्हेंबर, शनिवार

वर्कशॉप. सोबत भाचा, टॉर्च, भिंग, प्लास्टिकच्या पिशव्या, मार्कर. भाच्याला सांगून ठेवलं, मोबाइलचं रेकॉर्डिंग गेटपासून सुरू करायचं आणि मधे तोडायचं नाही.

टर्बो एका निळ्या ट्रेमध्ये होता. कॉम्प्रेसरचा पंखा बोटाने हलवला : वर-खाली खडखडतो. पात्यांच्या कडा घासून चकाकलेल्या, घरावर गोल ओरखडा. पात्यांच्या पुढच्या टोकांना टवके नाहीत, म्हणजे बाहेरून खडा-नट काही आत गेलेलं नाही. एअर फिल्टर जागेवर, कोरडा. हे कारण कटाप.

मग तेलाचा पाइप आणि त्याचा बँजो बोल्ट. हा बोल्ट पोकळ असतो. टोकाकडून भोक आत जातं आणि मानेजवळ आडव्या भोकांतून बाहेर निघतं. पाइपच्या गोल डोळ्यातून बोल्ट जातो, डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वॉशर. वॉशर आवळला की चेपतो आणि गळती थांबते. एकदा चेपला की त्याचं काम संपलं, पुढच्या वेळी नवा. जुने मिस्त्री फारच अडले तर तोच वॉशर लाल तापवून नरम करून घेतात, पण तशीही घाई इथे कोणी केली नव्हती. वॉशरवर दोन वर्तुळं उमटलेली, एकात एक, जरा सरकलेली. म्हणजे तोच वॉशर दोनदा आवळलेला. आणि कडेला राखाडी रंगाची वाळलेली कड.

बोल्ट टॉर्चसमोर धरला. दोन आडव्या भोकांपैकी एकातून उजेड आला. दुसऱ्यात काहीतरी राखाडी. भिंगातून बघितलं : शेवयाच्या तुकड्यासारखी गुंडाळी, अर्धी भोकात, अर्धी आतल्या पोकळीत लोंबणारी. शिवणाच्या सुईने हलकेच दाबलं. दबलं. सुई उचलली. परत वर आलं.

जळलेल्या तेलाचा कार्बन दाबला तर चुरा होतो, काळा डाग पडतो. हे रबरासारखं वर आलं. दुसऱ्यांदा सुई लावली नाही. इथे माझं काम संपलं, आता हात लावायचा तो त्यांच्यासमोर.

अ‍ॅडव्हायजरला बोलावलं. बघितलं, म्हणाला, "कार्बन असेल काका." म्हटलं असेल, सही करा. तो सही करेना. शेवटी फ्लोअर सुपरवायझरने पिशवीवर तारीख-वेळ लिहून आद्याक्षरं टाकली, "फक्त मिळाल्याची" असं म्हणून. मला तेवढंच हवं होतं. बोल्ट, दोन वॉशर, पाइप अशा तीन पिशव्या टेपने बंद, टेपवर आडवी भाच्याची सही.

निघताना तेलाचा नमुनाही घेतला. ड्रेन प्लग काढल्यावर पहिली धार सोडून दिली, मधल्या धारेतून स्वच्छ बाटलीत. पहिल्या धारेत तळाचा गाळ येतो.

परत येताना जांभळी नाक्याला उतरून मामलेदारची मिसळ खाल्ली. भाच्याने मिडियम घेतली आणि घाम पुसत बसला.

18 नोव्हेंबर, सोमवार

टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बाटली दिली. जुन्या नोकरीपासूनची ओळख, पैसे मात्र पूर्ण : 3,200.

20 नोव्हेंबर, बुधवार

मतदान. शाईचं बोट घेऊनच वागळे इस्टेटला गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याला वाटलं भांडायला आलो. तेलाचं विचारलं तर डायरी काढली. त्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरकडून घेतलेल्या 5 लिटरच्या डब्यांचं बिल मिळालं, ग्रेड 5 डब्ल्यू-30, बीएस-6 डिझेलला चालणारा. तोच डबा भाच्याच्या गाडीत गेला याचा पुरावा नाही. लेटरहेडवर चार ओळी लिहून सही-शिक्का दिला. कोर्टात याला किती किंमत ते माहीत आहे, तरी कोऱ्या पानापेक्षा बरा.

27 नोव्हेंबर, बुधवार

रिपोर्ट. 100 अंशांवर तेलाचा घट्टपणा 10.4. या ग्रेडला 9.3 ते 12.5 च्या दरम्यान लागतो. डिझेल मिसळल्याचं प्रमाण नगण्य. लोखंड 38 पीपीएम, काळजी करण्याजोगं नाही. तांबं 64, म्हणजे जास्त. टर्बोचे बुश झिजले तर तांबं वाढणारच.

माझा मुद्दा आता एका वाक्यात बसतो. तेच तेल इंजिनातल्या क्रँकला गेलं, कॅमला गेलं, तिथे काही झालं नाही; फक्त टर्बोच्या वाटेवर तेल अडलं. तेलाचा दोष असता तर एकट्या टर्बोला शिक्षा झाली नसती.

2 डिसेंबर, सोमवार

कंपनीच्या कस्टमर केअरला मेल : फोटो, रिपोर्ट, जॉब कार्ड. मागणी एवढीच की वॉरंटीत टर्बो बदलून द्या. नवी गाडी मागायची भाच्याची फार इच्छा होती. समजावलं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगच्या एका प्रकरणात म्हटलंय की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची जबाबदारी असते, अख्खी गाडी बदलायची नाही. जास्त मागायला जाऊन हातचं घालवायचं नाही.

9 डिसेंबर, सोमवार

उत्तर आलं. "आम्ही आपल्या भावनांची कदर करतो." निर्णय कायम. खाली वर्कशॉपची पुस्ती : गाडी 14 दिवसांत हलवली नाही तर दिवसाला 300 रुपये पार्किंग.

भाच्याचे हप्ते चालू आहेत. वर कॅब. रोज संध्याकाळी महाप्याहून परत येताना मला मेसेज करतो : "आजचे 480." बाकी काही लिहीत नाही.

24 डिसेंबर, मंगळवार

1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आज ग्राहक दिन. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती याच तारखेला. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते. पण या खेपेला कंपनीत कोणीतरी वेगळ्या माणसाने ती वाचली असावी. दोन दिवसांत पुण्याच्या नंबरवरून फोन आला आणि "तो बोल्ट कुठे आहे" असा पहिलाच प्रश्न आला.

6 जानेवारी 2025, सोमवार

तरी नोटीस पाठवलीच. शेजारच्या काकू मुंबई ग्राहक पंचायतीच्या जुन्या कार्यकर्त्या. सत्तरीच्या पुढे, पण चष्मा लावून लाल पेन घेतलं की मुख्याध्यापिका वाटतात. आमच्या गल्लीत पंचायतीचा संघ होता तेव्हा महिन्याचं वाणसामान त्यांच्याच ओसरीवर वाटलं जायचं. माझ्या चार पानी मसुद्यातली अडीच पानं त्यांनी खोडली. "टर्बो कसा फिरतो ते कोणाला शिकवताय? काय मागताय ते पहिल्या ओळीत लिहा."

त्यांच्याकडून कळलेलं : 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत. शुल्क दुरुस्तीच्या खर्चावर ठरत नाही, गाडीसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं. 10 ते 20 लाखांच्या टप्प्यात 400 रुपये. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर कलम 38 खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून पिशव्यांचं टेप फोडायचं नाही. आणि मोबाइलमधले फोटो-व्हिडिओ द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडायचं, मूळ फाइल फोनमधून उडवायची नाही. भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मूळ व्हिडिओ काढून टाकला नव्हता, नशीब.

नोटीस शोरूम आणि कंपनी दोघांना, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. मुदत 15 दिवस.

17 जानेवारी, शुक्रवार

संयुक्त तपासणी. कंपनीचा टेक्निकल मॅनेजर पुण्याहून आला. पस्तिशीचा, हाताला ग्रीस लागलेलं चालणारा माणूस. शोरूमचा मॅनेजर टाय लावून. मी, भाचा.

टर्बो त्यांच्या माणसाने आमच्यासमोर उघडला. दांडा टर्बाइनच्या बाजूला निळा-जांभळा पडलेला, तापून. बुश एका बाजूने पुसल्यासारखे चोपडे. आतल्या घरात मात्र जळलेल्या तेलाचा जाड थर नाही, पातळ तपकिरी वर्ख फक्त. मी बोट दाखवलं, बोललो काही नाही. गरम इंजिन रोज लगेच बंद केल्याने किंवा जुनाट तेलाने गेला असता तर इथे कोळसा खरवडून काढावा लागला असता.

मग पिशवी. टेपवरची सही बघून त्यानेच फोडली. भिंग मागितलं. माझ्यासारखीच सुई लावली, दाबली, सोडली. मग चिमट्याने एक टोक ओढून पांढऱ्या कागदावर घासलं. काळा डाग पडला नाही.

शोरूमचा मॅनेजर म्हणाला, "बाहेरच्या गॅरेजने लावलं असेल."

टेक्निकलवाल्याने ऑगस्टचं जॉब कार्ड उचललं, "सीलंट 1 नग" या ओळीवर बोट ठेवलं, त्याच्याकडे बघितलं आणि खाली ठेवलं. नंतर मला विचारलं, "काका, कुठे होता कामाला?"

सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट आहे, टर्बोच्या तेलाच्या जॉइंटला लिक्विड सीलंट लावायचं नाही." हे तो तोंडी बोलला. रिपोर्टमध्ये लिहा म्हटलं तर हसला.

23 जानेवारी, गुरुवार

मेल : "गुडविल म्हणून" पार्टच्या किमतीत 50 टक्के सूट. सीलंटचा उल्लेख नाही. काकूंना वाचून दाखवला. "गुडविल म्हणजे दान. आपण दान मागितलं होतं का?" याच भाषेत उत्तर दिलं, जरा सौम्य करून. सोबत आयोगाकडे करायच्या तक्रारीचा मसुदा जोडला.

31 जानेवारी, शुक्रवार

मान्य. पूर्ण टर्बो, पाइप, मजुरी, तेल, सगळं वॉरंटीत, पार्किंग माफ. कॅबचे 41,260 आणि प्रयोगशाळेचे 3,200 देणार नाहीत. अट : सर्व दावे पूर्ण मिटले असं लिहून द्यायचं.

माझं मत होतं, सही करू नये. 400 रुपयांत तक्रार होते, कागद तयार आहेत. भाचा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मामा, मला सोमवारी ऑफिसला माझ्या गाडीने जायचंय." त्यानंतर मी वाद घातला नाही. गाडी त्याची, हप्ते त्याचे.

एक गोष्ट मात्र हटून लिहून घेतली. वॉरंटीत बदललेल्या भागाला मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच मिळते, ती संपते 25 मार्चला. म्हणजे नव्या टर्बोला दीड-दोन महिने. या टर्बोपुरते 6 महिने, असं पत्र घेतलं. मागितलं वर्ष होतं.

8 फेब्रुवारी, शनिवार

भाच्याचा सोमवार हुकला, टर्बो यायला आठवडा गेला. आज काम झालं. बंद पडल्यापासून 97 दिवस.

बाकीचं काम बघत उभा राहिलो. इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी जाळी, उलटा केला तर पाव लिटरभर तेल निघालं. ते तसंच ठेवून गाडी सुरू केली असती तर नवा टर्बो लावूनही धुराचा तोच तमाशा झाला असता. मिस्त्री विशीतला, शांत. बॉक्समधून दोन तांब्याचे वॉशर काढले, न विचारता माझ्या तळहातावर ठेवले, "काका, बघून घ्या." गुळगुळीत, एकही वर्तुळ नाही. पाइप लावण्याआधी टर्बोच्या तोंडात तेलाच्या कुप्पीने तेल सोडलं, पंखा बोटाने फिरवला, पुन्हा सोडलं. टॉर्क पान्याचा "टक". इंधन तोडून नुसता स्टार्टर मारला, तेल वर चढेपर्यंत. मग सुरू.

क्लेम मान्य झाला म्हणजे जुना पार्ट कंपनीचा. माझंच तर्कशास्त्र माझ्यावर उलटलं. बोल्टची पिशवी परत द्यावी लागली. पोच घेतली. फोटो आहेत.

2 मार्च, रविवार

मीटर 59,340. तेल दोन खुणांच्या मधोमध, गार इंजिनवर, सपाट जागेवर बघितलं. इंटरकूलरचे क्लँप कोरडे. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची तर 25 मार्चच्या आत, भाच्याने तिच्या अटींचं पुस्तक माझ्याकडे पाठवलंय, "मामा, बारीक अक्षरं तुम्ही वाचा."

आठवड्यातून दोनदा त्याचा फोन येतो, पुन्हा शिट्टी ऐकू येते म्हणून. आज मुद्दाम गायमुखपर्यंत जाऊन आलो, काचा बंद, पंखा बंद, 1,500 ते 2,500 च्या दरम्यान चार वेळा. मला काही ऐकू आलं नाही. वय 62 आहे आणि 31 वर्षं कॉम्प्रेसरच्या शेजारी काढली आहेत, हेही नोंदवून ठेवतो.